बिडीएवढी काडी

चिकोडीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत
मौनेश बडिगेरच्या दुकानात
लाटणी, पाळण्याचे मोर, खाटेचे पाय,
आणि पिठाच्या एका जुन्या डब्यात, डोकी वर काढून,
सात चात्या.

"कुणाला पाहिजे?"
"मलाच."
त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं.
निपाणीचे हात लपत नाहीत,
नखांच्या कडेला जर्द्याचा पिवळा काठ
साबणाला पुरून उरलेला.

चौतीस वर्षं बिड्या वळल्या.
मांडीवर सूप, सुपात पत्र्याचा फर्मा,
भिजवलेलं पान, कात्री, चिमूट, अंगठा, दोरा.
दिवसाला हजार. मग आठशे.
मग छातीत शीळ वाजायला लागली
आणि डॉक्टर म्हणाले, बंद.
हात बंद होतात होय?
रात्री गोधडीत बोटं पान वळत राहतात,
धाकटी सून विचारते, आत्या, काय शोधताय?

शेजारच्या काशव्वानं काळी लोकर दिली
पिंजून, पेळू करून, पिशवीभर.
म्हणाली, "चाती तेवढी तुझी तू आण.
दुसऱ्याच्या चातीवर दुसऱ्याचंच सूत येतं."

तर, सात चात्या.

शिसवी उचलली. काय तिची तुकतुकी,
लग्नाला तेल लावून आलेली जाऊबाई जशी.
पण वजनदार.
माझ्या शिकाऊ सुताला ही लटकली
तर सूत तुटणार, आणि ही खाली पडूनही चमकणार.
"हगुर बेकु," मी म्हणाले माझ्या मोडक्या कन्नडात.
"हलकी हाय की ही," तो म्हणाला त्याच्या मोडक्या मराठीत
आणि आंब्याची पुढं केली.
आंब्याची डुलायची,
चकतीचं भोक केसभर बाजूला.
बाभळीची सरळ, पण काडीला कुसळं.

मग सागवानी.
"तिरुगसि नोड्री." फिरवून बघा.
फरशीवर टोक टेकवून फिरवली.
तो मोजू लागला, ओंदु, एरडु, मूरु,
मी मोजू लागले, एक, दोन, तीन.
चाती आडवी झाली तेव्हा
तो हदिनारुवर होता, मी एकोणीसवर.
दोघंही शपथ घ्यायला तयार.
परत फिरवली. या खेपेला तोच पुढं गेला.
चहा आला तेव्हा मोजणं सोडून दिलं.

"चकती हीच. काडी जाड आहे."
"किती बारीक करू?"
मला इंच कळत नाहीत,
सुताराचं सूतही कळत नाही.
अंगठा आणि दोन बोटं जुळवून
मधे उरलेली जागा दाखवली.
तो हसला. कानामागची बिडी काढून
त्या जागेत धरली.
बरोब्बर बसली.
गुलाबी दोरा, दोन वेढे,
कुणाच्या हातचे, सांगता येणार नाही,
निपाणीत बायका काय कमी आहेत.

बिडी माप म्हणून लेथपाशी ठेवली,
काडी चढवली. सागाचा भुसा उडाला,
तंबाखूनं बधिरलेल्या माझ्या नाकाला
सटासट तीन शिंका आल्या.
"ऐंशी."
"साठ."
"सत्तर, आणि बिडी माझी मला."
पैसे मोजून घेतले
आणि त्यानं माप पेटवलं.

घरी उंबऱ्यात उभी राहून चाती सोडली.
अंगठा पानावर वळायचा तसाच वळला.
दोरा इतकी वर्षं कारखान्यातनं यायचा, मोजून,
कमी पडला तर पगारातनं कापून.
हा माझ्याच चिमटीतनं निघाला,
काळा, गाठाळ, कुठं सुतळी, कुठं केस,
वीतभर, हातभर,
आणि खट्.

फरशीवर पडलेल्या चातीकडं बघत
सवयीनं थांबले,
आता चेकर येईल,
छाट काढेल, मोडून कोपऱ्यात टाकेल.
दारासमोरून काशव्वाचं एक कोकरू गेलं,
तेवढंच.

तुटलेली टोकं थुंकी लावून जोडली.
परत फिरवली.